रॉबर्ट शूमान : दुखावलेल्या हाताची जीवनकथा

आपल्या भागात हात दुखणे ही सांगण्यासारखी तक्रार मानली जात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्या तळहातांवरचे घट्टे आपण लहानपणापासून पाहिलेले असतात, आणि ते घट्टे दुखत असतील हा विचार सहसा आपल्या मनाला शिवत नाही. शेजारच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर 'पंचीकरण' लिहून काढले. ती पासोडी पाहून आपण थक्क होतो. पण लिहिता लिहिता त्यांचा हात किती वेळा अवघडला असेल, असे कोणी विचारीत नाही. कष्टाचे कौतुक करण्याची आपली रीत जुनी आहे. ती वाईट आहे असे मुळीच नाही. परंतु हीच रीत जेव्हा वाद्याच्या रियाजात शिरते, तेव्हा मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो.

एकदा युवक महोत्सवाच्या तालमी चालू होत्या. लोकनृत्याच्या चमूला साथ करणारा विद्यार्थी बोटांना चिकटपट्टी गुंडाळून ढोलकी वाजवीत होता. मनगट सुजलेले दिसत होते. दुखते का, असे विचारले तर तो नुसता हसला. अवतीभवतीच्या मुलांनीही त्याचे कौतुकच केले. बोटांतून रक्त येईपर्यंत रियाज करणाऱ्या उस्तादांच्या कथा आपण सर्वांनीच ऐकलेल्या आहेत. त्या कथा सांगणारे पुष्कळ असतात; पण रियाजाच्याच पायी ज्यांचा हात कायमचा गेला, त्यांच्या कथा सांगायला कोणी उरत नाही. अशी माणसे मैफलीतून उठून जातात आणि विस्मरणात जातात.

याला एक मोठा अपवाद आहे. एकोणिसाव्या शतकातील थोर जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान याचा उजवा हात ऐन बाविशीत निकामी झाला, आणि तरीही त्याचे नाव जगाच्या संगीतात अजरामर झाले. त्याची जीवनकथा म्हणूनच प्रत्येक वाद्य शिकणाऱ्याने ऐकावी अशी आहे. वाद्य पियानो असो, हार्प असो, आपली सतार असो की संवादिनी, हात हा सर्वत्र सारखाच असतो.

रॉबर्टचा जन्म 8 जून 1810 रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात त्स्विकाऊ या गावी झाला. वडील आउगुस्ट शूमान हे पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक. इंग्रज कवी बायरन याच्या काव्याचे जर्मन अनुवादही त्यांनी केले होते. अशा घरात वाढलेल्या मुलाला पुस्तकांचे वेड लागावे यात नवल नाही. रॉबर्ट लहानपणापासून कविता लिही, नाटके रची आणि त्याच जोडीने पियानो वाजवी. आपण कवी व्हावे की संगीतकार, हा प्रश्न त्याला कित्येक वर्षे सुटला नाही. वडिलांना मुलाच्या संगीताचे कौतुक होते. पण 1826 साली ते वारले. रॉबर्ट तेव्हा अवघा 16 वर्षांचा होता. आईला मुलाच्या भवितव्याची काळजी होती. संगीतावर पोट भरत नाही, मुलाने वकील व्हावे, असे तिला वाटे. असे वाटणाऱ्या आया केवळ जर्मनीतच होत्या असे नाही!

आईच्या इच्छेप्रमाणे 1828 साली रॉबर्ट कायद्याच्या शिक्षणासाठी लाइपझिग येथे आला. तासांना तो फारसा फिरकलाच नाही. त्याऐवजी तो फ्रीडरिख वीक नावाच्या पियानो-शिक्षकाकडे जाऊ लागला. वीक हा नावाजलेला, कडक आणि काहीसा व्यवहारी गृहस्थ होता. त्याची मुलगी क्लारा हिने त्याच वर्षी, वयाच्या नवव्या वर्षी, लाइपझिगच्या प्रसिद्ध गेवांडहाऊस सभागृहात पहिल्यांदा जाहीरपणे पियानो वाजविला. या मुलीचे आणि रॉबर्टचे आयुष्य पुढे एकमेकांत गुंफले जाणार होते. पण ते पुढे.

पुढच्या वर्षी रॉबर्ट हायडेलबर्ग विद्यापीठात गेला. तेथेही कायद्यापेक्षा पियानोच अधिक झाला. 1830 च्या ईस्टरच्या सुटीत तो फ्रँकफुर्टला गेला असता त्याने पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाला ऐकले. पागानिनीची बोटे तारांवरून अशी काही फिरत की लोक त्याने सैतानाशी करार केला आहे असे म्हणत. त्या एका संध्याकाळीने रॉबर्टचे मन पालटून टाकले. पागानिनीने व्हायोलिनवर जे केले ते आपण पियानोवर करायचे, या ध्यासाने त्याला पछाडले. त्याने आईला लांबलचक पत्र लिहून कायदा सोडण्याची परवानगी मागितली. आईने बिचारीने वीकलाच सल्ला विचारला. वीकने उत्तर पाठविले की मुलाने आपल्या शिस्तीत राहून अभ्यास केला तर तीन वर्षांच्या आत आपण त्याला त्या काळच्या मोठ्या पियानोवादकांच्या पंक्तीत बसवू.

तीन वर्षे! वाचकहो, ही मुदत ध्यानात ठेवावी. रॉबर्ट तेव्हा 20 वर्षांचा होता. पियानोवर नाव काढणारी मुले त्या वयापर्यंत कधीच गावोगाव मैफली करू लागलेली असत. आपल्याला उशीर झाला आहे, ही टोचणी त्याच्या मनात होतीच. त्यात तीन वर्षांची मुदत आली. आईने घरच्या मंडळींचा विरोध पत्करून परवानगी दिलेली. म्हणजे अपयश येऊन चालणारच नव्हते. ज्या मुलाने घरच्यांच्या मनाविरुद्ध कला शाखेला प्रवेश घेतला आहे, त्याला ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

1830 च्या ऑक्टोबरात रॉबर्ट वीकच्या घरीच राहायला आला. एकाच छपराखाली आता दोन शिष्य होते. एक 11 वर्षांची क्लारा आणि दुसरा 20 वर्षांचा रॉबर्ट. या दोघांच्या शिकण्यातला फरक पाहण्यासारखा आहे. क्लाराला वडील रोज एक तास शिकवीत. तिचा स्वतःचा सराव साधारण दोन तासांचा. त्याहून अधिक तिला वाजवू दिले जात नसे. मात्र रोज मोकळ्या हवेत लांब फिरायला जाणे सक्तीचे होते. वीक स्वभावाने कठोर होता, मुलीच्या बालपणावर त्याने पुष्कळ अन्याय केला असे चरित्रकार म्हणतात. पण हात कसा राखावा हे त्याला पक्के ठाऊक होते. दमलेल्या हाताने केलेला सराव हा सराव नव्हे, हे त्याचे तत्त्व होते.

रॉबर्टला ही चाल मानवणारी नव्हती. आपली बोटे कमजोर आहेत असे त्याला सतत वाटे, आणि कमजोरीवर त्याला एकच उपाय दिसे, तो म्हणजे अधिक मेहनत. तो दिवसाचे सहा-सहा, सात-सात तास पियानोला बसू लागला.

येथे हाताच्या रचनेविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. वाचकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवावा. मधले बोट आत दुमडून पंजाखाली घ्यावे. आता अंगठा उचलून पाहावा, तो सहज उचलला जाईल. तर्जनी आणि करंगळीही उचलतील. पण अनामिका उचलू गेल्यास ती जागची हलणार नाही. याचे कारण असे की बोटे सरळ करणाऱ्या कंडरा पंजाच्या मागच्या बाजूला आडव्या पट्ट्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. मधले बोट, अनामिका आणि करंगळी ही एकाच दावणीला बांधलेल्या बैलांसारखी आहेत. एकाला ओढले की दुसऱ्याला हिसका बसतो. ही निसर्गाची योजना आहे. ती सरावाने थोडीफार सैल होते. पण बळाने मोडायला गेले तर योजना मोडत नाही, हात मोडतो.

रॉबर्टला नेमकी हीच योजना मोडायची होती. धोक्याची सूचना त्याला वेळेवर मिळालीही होती. हायडेलबर्गला असतानाच, 1830 च्या जानेवारीत, आपले एक बोट बधिर झाल्यासारखे वाटते अशी नोंद त्याने दैनंदिनीत केली आहे. शरीराने पाठविलेले हे पहिले पत्र होते. त्याने ते वाचले, आणि बाजूला ठेवले. 1831 च्या शरदात वीक आपल्या मुलीला घेऊन मैफलींच्या दौऱ्यावर निघाला आणि पॅरिसपर्यंत गेला. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो परतला. या काळात रॉबर्टजवळ त्याचा हात धरून थांबविणारे कोणीच नव्हते. बोट ऐकत नाही हे पाहून त्याने एक यांत्रिक साधन वापरायला सुरुवात केली. त्याला तो गमतीने सिगारेचे यंत्र म्हणत असे. बोटांना ताणून, जखडून मजबूत करण्याची अशी साधने त्या काळी युरोपात सर्रास विकली जात. पुष्कळ वर्षांनी, 1853 साली, वीकने आपल्या पुस्तकात, नाव न घेता, एका प्रसिद्ध शिष्याने बोटांचा छळ करणारे यंत्र आपल्या इच्छेविरुद्ध तयार केल्याचे लिहिले. तो शिष्य कोण, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळले असणार.

1832 च्या उन्हाळ्यात रॉबर्टच्या दैनंदिनीत नोंद आली की उजव्या हाताचे मधले बोट पार ताठरले आहे.

मग सुरू झाली उपचारांची धावाधाव. आपल्याकडे जसे एक वैद्य झाला की दुसरा, दुसरा झाला की कोणी सांगितलेला झाडपाल्याचा उपाय, तसेच तेथेही झाले. दिवसा कोमट मद्याच्या गाळात हात बुडवून ठेवायचा, रात्री वनस्पतींचा लेप बांधायचा. नुकत्याच कापलेल्या जनावराच्या उबदार आतड्यांत हात घालून बसण्याचा एक उपचार तेव्हा रूढ होता. तोही त्याने किळस गिळून केला. विजेचे झटके घेऊन पाहिले. होमिओपॅथी केली. या साऱ्यांत शहाणपणाचा सल्ला एकच होता, तो म्हणजे शक्य तितके कमी वाजविण्याचा. परंतु तोवर वेळ निघून गेली होती. वीकने दिलेली तीन वर्षे संपण्याच्या आतच, पियानोवादक म्हणून रॉबर्ट शूमानचे आयुष्य संपले होते.

त्याच्या बोटाला नेमके काय झाले होते यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला आहे. यंत्राने कंडरा दुखावली असे पूर्वी सर्वजण मानीत. विसाव्या शतकात काहींनी पाऱ्याच्या औषधाची बाधा झाली असावी असे प्रतिपादन केले. अलीकडे मज्जासंस्थेचे अनेक तज्ज्ञ म्हणतात की हा वादकांना जडणारा एक विशिष्ट विकार होता. एकच हालचाल हजारो वेळा, दमलेल्या अवस्थेत आणि ताणाखाली केली की मेंदूत प्रत्येक बोटासाठी जी वेगळी जागा असते तिच्या सीमा पुसट होतात. मग एका बोटाला दिलेली आज्ञा दुसऱ्यालाही पोहोचते. बोट आपोआप वळते किंवा ताठरते. गंमत म्हणजे तोच हात लेखणी धरतो, चमचा धरतो. फक्त वाद्यावर ठेवला की बंड करतो. यंत्र हे मूळ कारण होते की आधीच बिघडलेल्या बोटावरचा तो आणखी एक घाव होता, हे कसेही असो. बोटाने विश्रांती मागितली होती आणि त्याला शिक्षा मिळाली, एवढे मात्र खरे.

आता पुढे काय? 22 वर्षांचा तरुण. कायदा सोडलेला, पियानो हातातून गेलेला, आईला तोंड कसे दाखवावे ही लाज. काही दिवस त्याने सेलो हे वाद्य घेण्याचा विचार केला. सेलोवर स्वर दाबण्याचे काम डाव्या हाताचे असते, उजव्या हातात फक्त गज धरायचा. पण अखेर त्याला आपल्याजवळच असलेल्या दुसऱ्या साधनाची आठवण झाली. बापाच्या पुस्तकांच्या दुकानात वाढलेल्या मुलाच्या हातात लेखणी कधीपासूनच होती. ज्या उजव्या हाताला पियानोच्या पट्ट्यांवर मधले बोट साथ देत नव्हते, त्याच हाताने तो स्वरलिपी लिहू लागला.

या दृष्टीने त्याची 'टोकाटा' ही रचना पाहण्यासारखी आहे. 1833 साली पूर्ण झालेली ही रचना पियानोवरील अतिशय अवघड रचनांपैकी एक समजली जाते. जाणकारांनी दाखवून दिले आहे की उजव्या हाताचे मधले बोट न वापरताही ती वाजविता येते. त्यापाठोपाठ 'कार्निव्हल' आणि 1838 साली 'बालपणीची दृश्ये' अशा पियानोरचना आल्या. त्यांत पागानिनीची कसरत नाही. एखाद्या कवीने रोजनिशीत टिपून ठेवाव्यात तशा लहान लहान भावमुद्रा त्यांत आहेत. बोटांच्या चापल्याने जग जिंकू पाहणाऱ्या तरुणाला बोट गमावल्यावर आपला खरा सूर सापडला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

1834 साली त्याने मित्रांच्या साहाय्याने लाइपझिग येथे संगीताला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले आणि जवळजवळ दहा वर्षे त्याचे संपादन केले. पोकळ चमत्कृती करून टाळ्या मिळविणाऱ्या वादकांवर त्याने सडकून टीका केली. आणि खऱ्या गुणवंतांची बाजू हिरिरीने मांडली. शोपँ हा पोलिश तरुण अजून अपरिचित होता, तेव्हा 1831 मध्येच शूमानने एका पत्रात लेख लिहून त्याचे स्वागत केले होते. 1838-39 मध्ये तो व्हिएन्नाला गेला असता शुबर्टच्या भावाच्या घरी त्याला एका मोठ्या सिंफनीचे हस्तलिखित धूळ खात पडलेले दिसले. शुबर्टला जाऊन दहा वर्षे झाली होती. शूमानने ते हस्तलिखित लाइपझिगला पाठविले आणि मार्च 1839 मध्ये मेंडेल्सोन याच्या संचालनाखाली ती सिंफनी लोकांनी ऐकली. स्वतः वाजवू न शकणाऱ्या माणसाने दुसऱ्यांचे संगीत जगाच्या कानी घातले. मनाचा हा मोठेपणा दुःख पचविल्याशिवाय येत नाही.

मधल्या काळात क्लारा मोठी झाली होती. युरोपभर तिच्या पियानोवादनाची कीर्ती पसरली होती. 1837 साली दोघांनी लग्नाचे ठरविले. वीकने याला कडाडून विरोध केला. कमाईचा ठिकाणा नसलेला, मनाने अस्थिर आणि हात गेलेला जावई त्याला नको होता. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर निकाल त्या दोघांच्या बाजूने लागला आणि 12 सप्टेंबर 1840 रोजी, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचा विवाह झाला. त्या एका वर्षात शूमानने सव्वाशेहून अधिक गीतांना संगीत दिले. कवी व्हावे की संगीतकार, हा लहानपणचा प्रश्न त्याने असा सोडविला.

त्यानंतरच्या वर्षी त्याची पहिली सिंफनी झाली. पुढे 1845 साली पूर्ण झालेला पियानोचा कंचेर्टो पहिल्यांदा क्लारानेच वाजविला. नवऱ्याच्या मनातले संगीत बायकोच्या बोटांतून बाहेर येऊ लागले. पण या संसारात एक बोच होतीच. घरात शूमान लिहायला बसला की क्लाराला पियानो बंद ठेवावा लागे, कारण भिंती पातळ होत्या. उलट 1844 साली ती रशियाच्या दौऱ्यावर गेली तेव्हा तो सोबत होता. टाळ्या तिला मिळत आणि तो कोपऱ्यात बसून राही. आपण आता केवळ एका वादिकेचे पती आहोत ही जाणीव त्याला कुरतडत असे. हाताची जखम बोटात नव्हती इतकी मनात होती. त्या जखमेचा एकच व्यवहारी उपयोग झाला. नागरी सैन्यदलातील सक्तीच्या सेवेतून सूट मिळण्यासाठी त्याला उजव्या हाताचे दुखणे पुढे करता आले, आणि डॉक्टरांनी तसा दाखला दिला.

1848 साली थोरली मुलगी मारी हिच्या सातव्या वाढदिवसासाठी शूमानने पियानोच्या काही सोप्या रचना केल्या. त्यांतून 'बाल-तरुणांसाठी संग्रह' तयार झाला. आजही जगभर पियानो शिकणारी मुले यातले धडे वाजवितात. 1849 साली त्याने बायरनच्या तीन कवितांना संगीत दिले आणि साथीसाठी हार्प किंवा पियानो यांपैकी कोणतेही वाद्य चालेल असे ठरविले. बापाने ज्या कवीचे अनुवाद केले, त्या कवीच्या शब्दांना मुलाने हार्पच्या तारा जोडल्या.

या संग्रहाच्या पुढील आवृत्तीला, 1850 साली, त्याने तरुण वादकांसाठी काही नियम जोडले. ते वाचताना त्यांमागे असलेला तो ताठरलेला हात डोळ्यांपुढे येतो. आवाज न करणाऱ्या मुक्या पट्ट्यांवर सराव करू नये, असे तो बजावतो. तासन् तास यांत्रिकपणे बोटांचे व्यायाम करणाऱ्यांना तो सावध करतो. कविता वाचाव्यात, मोकळ्या हवेत पुष्कळ हिंडावे, असे सांगतो. आणि त्या दिवसाचे काम झाल्यावर थकवा वाटू लागला तर हट्टाने पुढे रेटू नये, विश्रांती घ्यावी, असा त्याचा स्पष्ट उपदेश आहे. 20 व्या वर्षी आपल्याला हे कोणी सांगितले असते आणि आपण ते ऐकले असते तर, असे त्याला लिहिताना वाटले असेल काय? त्याने ते कोठे बोलून दाखविले नाही. नियम मात्र लिहून ठेवले.

अखेरची वर्षे दुःखाची आहेत. 1850 साली शूमान ड्युसेलडॉर्फ येथे वाद्यवृंदाचा संचालक झाला. मनाचा तोल हळूहळू ढळत चालला होता, ते काम त्याला झेपेना. 1853 च्या शरदात योहानेस ब्राम्स नावाचा 20 वर्षांचा तरुण त्याच्या दारी आला. शूमानने त्याचे वादन ऐकले आणि आपल्या जुन्या नियतकालिकात लेख लिहून या नवोदिताची जगाला ओळख करून दिली. तो त्याचा शेवटचा महत्त्वाचा लेख. फेब्रुवारी 1854 मध्ये, भासांनी त्रस्त होऊन, त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. नावाड्यांनी वाचविले. त्यानंतर बॉनजवळच्या एंडेनिख येथील मनोरुग्णालयात त्याने दोन वर्षांहून अधिक काळ काढला, आणि 29 जुलै 1856 रोजी तेथेच त्याचे निधन झाले. वय अवघे 46.

परंतु ही कथा येथे संपत नाही, कारण त्या घरातला दुसरा हात अजून वाजत होता. क्लाराच्या पदरी सात मुले होती, आठवे आधीच गेले होते. तिने पुन्हा गावोगाव मैफली सुरू केल्या. मुलांचे पोट त्यावर चालले आणि पतीचे संगीतही जगले. पण वयाची पन्नाशी उलटल्यावर तिच्याही हाताने तक्रार केली. 1873 च्या अखेरीपासून हात असा दुखू लागला की 1874 हे वर्ष जवळजवळ सगळेच तिला मैफलीवाचून काढावे लागले. वाजविले नाही तर उत्पन्न नाही, अशी परिस्थिती. तरीही तिने हाताशी झुंज घेतली नाही. ती थांबली. कील येथील एस्मार्ख या नामांकित शल्यवैद्याकडून उपचार घेतले, धीर धरला, आणि मग पुन्हा रंगमंचावर आली. 1878 पासून फ्रँकफुर्टच्या संगीत विद्यालयात तिने कित्येक शिष्य घडविले. 1891 साली, 71 व्या वर्षी, तिने आपली शेवटची जाहीर मैफल केली. म्हणजे नवव्या वर्षी सुरू झालेले वादन साठ वर्षांहून अधिक काळ चालले. 1896 साली ती वारली. पुढे 1990 पासून, युरो येईपर्यंत, जर्मनीच्या 100 मार्कच्या नोटेवर क्लाराचे चित्र छापले जात होते.

एकच गुरू, एकच घर, एकच वाद्य. एक हात दोन वर्षांत गेला, दुसरा साठ वर्षे टिकला. दोघांच्या बुद्धीत किंवा निष्ठेत फरक नव्हता. फरक एवढाच की एकीला लहानपणापासून थांबायला शिकविले गेले होते, आणि दुसऱ्याला थांबणे म्हणजे हरणे वाटले.

आज वैद्यकशास्त्रात कलावंतांच्या दुखण्यांचा वेगळा अभ्यास होतो. 1960 च्या दशकात लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाचा उजवा हात असाच गेला. तीस वर्षे तो डाव्या हातासाठीच्या रचना वाजवीत राहिला आणि पुढे नव्या उपचारांनी दोन्ही हातांनी वाजवू लागला. शूमानला ते भाग्य लाभले नाही. पण उपचारापेक्षा काळजी स्वस्त, हे कोणताही डॉक्टर सांगेल. हार्पचेच उदाहरण घ्या. मोठ्या हार्पला 47 तारा असतात. वादक करंगळी वापरीत नाही, बाकीच्या चार-चार बोटांनी तारा छेडतो. चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो की तार छेडली की बोट तळहाताकडे मिटू द्यावे आणि लगेच सैल सोडावे. म्हणजे प्रत्येक स्वरानंतर हाताला क्षणभर विसावा मिळतो. मनगट वाकडे धरू नये, खांदे वर ओढू नयेत, आसनाची उंची नीट असावी. सुरुवातीला हात संथ लयीत उबदार करून घ्यावा. अर्ध्या तासाने वाद्य खाली ठेवून चार पावले चालावे. मैफल जवळ आली म्हणून एकदम दुप्पट सराव करू नये. तो दिवसागणिक थोडा थोडा वाढवावा. मुंग्या येणे, बधिरपणा, रात्री हात ठणकणे, बोट न ऐकणे यांपैकी काहीही दिसले तर वाजविणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हे सारे सतारीला, तबल्याला, ढोलकीला आणि संवादिनीलाही तितकेच लागू आहे. परीक्षेच्या आधी रात्र रात्र उत्तरे लिहिणाऱ्या हातालाही लागू आहे.

त्या ढोलकीवाल्या विद्यार्थ्याला मी हीच कथा सांगितली. ती ऐकून त्याने विचारले की मग रियाज करायचाच नाही का? प्रश्न रास्त होता. शूमानने तरी रियाज सोडा असे कोठे सांगितले? त्याने स्वतः आयुष्यभर अपार काम केले. रियाज करायचाच, रोज करायचा, जन्मभर करायचा. आणि जन्मभर करायचा आहे म्हणूनच हात राखायचा. नांगरणीच्या दिवसांत जाणता शेतकरी दुपारी औत सोडतो, बैलांना पाणी दाखवितो, सावलीला बांधतो. तो आळशी असतो म्हणून नव्हे. त्याला उद्याही नांगरायचे असते म्हणून. आपल्या हाताला आपण निदान बैलाइतकी तरी माया द्यावी.

त्या विद्यार्थ्याने दोन दिवस ढोलकीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, मनगटाची सूज उतरली होती. चिकटपट्टी काढून त्याने आधी संथ लयीत ठेका धरला.